दहा आठवडे, दुखरी टाच आणि मिरामारची शर्यत

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी मांडते, कुठे चुकत असेन तर सांगा. वय ४३, म्हापशाला बँकेत नोकरी, वर्षभर आयर्नमॅन ७०.३ ची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या ट्रायॅथलॉन शर्यतीची तयारी. जूनच्या अखेरीला ताप आला आणि बारा दिवस अंथरुणात गेले. उठल्यावर बुडालेलं भरून काढायचं म्हणून तीन आठवड्यांत तुम्ही धावणं आठवड्याला १५ किलोमीटरवरून ४२ वर नेलं. त्यात दर रविवारी कळंगुटच्या वाळूत अनवाणी धावणंही होतं. जुलै संपता संपता उजव्या टाचेच्या वर, दोन-अडीच बोटांवर, शीर दुखायला लागली. दोन आठवडे गोळ्या आणि विश्रांती झाली, दुखणं गेल्यासारखं वाटलं, आणि त्याच रविवारी तुम्ही १४ किलोमीटर धावलात. सोमवारी जिना उतरता येईना. मग गणेश चवथीला गावी गेलात, तिथले पाच दिवस पाहुण्यांत आणि आरत्यांत उभ्यानेच गेले. आता शर्यतीला दहा आठवडे आहेत. मित्र म्हणतो, इंजेक्शन घे आणि धाव. घरचे म्हणतात, यंदा सोड. तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

मी फोंड्याला फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, त्याला अठरा वर्षं झाली. या अंतराच्या तीन शर्यती मी स्वतः पूर्ण केल्या आहेत. चवथ झाली की तुमच्यासारखे चार-पाच जण दरवर्षी माझ्याकडे येतात, त्यामुळे मत सरळ सांगते. इंजेक्शन घेऊ नका, आणि आज सोडूही नका. सोडायचं की नाही हे ठरवायची तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे. आज ठरवलंत तर ते भीतीपोटी ठरेल, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री ठरवलंत तर हट्टापोटी.

पण त्याआधी खरा प्रश्न कुठे आहे ते बघू. तुम्ही टाचेबद्दल विचारलंय. तुमचा तीन महिन्यांचा हिशेब वाचताना मला मात्र एकच गोष्ट दोनदा दिसली. तापानंतर तुम्ही बुडालेले दिवस भरून काढायला गेलात, आणि विश्रांतीनंतर पुन्हा तेच केलंत. बँकेत एक हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दोन भरून खातं सरळ करता येतं. व्यायामात बुडालेला आठवडा बुडालाच. तो पुढच्या आठवड्याच्या डोक्यावर ठेवला तर दोन्ही जातात. आणि हे मी धीर द्यायला सांगत नाही, यामागे शरीराचं साधं कारण आहे. तापानंतर दम दोन-तीन आठवड्यांत परत यायला लागतो. स्नायूही लवकर सावरतात, कारण त्यांना रक्तपुरवठा भरपूर असतो. टाचेची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, अकिलीस टेंडन, याच्या उलट असते. तिच्यात रक्त कमी फिरतं, आणि हाडाला जिथे चिकटते त्याच्या २ ते ६ सेंटीमीटर वरचा भाग, नेमका तुम्ही बोट ठेवलंय तो, पुरवठ्याच्या बाबतीत आणखी गरीब. तिच्यातले तंतू नव्या भाराला तयार व्हायला महिने घेतात. म्हणजे जुलैत छाती ‘चल’ म्हणत होती आणि शीर अजून जूनमध्येच होती. दम आणि शीर यांच्या वेगातली ही तफावत मी सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगते, आणि सगळ्यात कमी वेळा ती ऐकली जाते.

वाळूबद्दलही बोललं पाहिजे, कारण गोव्यात हा समज फार पक्का आहे की वाळू मऊ, म्हणून ती पायाला सोसते. गुडघ्याला एक वेळ सोसेल. टाचेच्या शिरेला नाही. मऊ वाळूत टाच रुतते, पंज्यापेक्षा खाली जाते, आणि प्रत्येक पावलाला शीर नेहमीपेक्षा जास्त ताणून मगच ढकलावं लागतं. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते खरी, पण तिथे किनारा उतरता. एक पाय कायम वर, दुसरा कायम खाली. सवय नसताना बुटांची टाच काढून घेतली, भार तिप्पट केला आणि वर वाळू. तुमची शीर दुखली नसती तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

आता जे मला इथून दिसत नाही, ते. हे दुखणं खरोखर शिरेच्या मधल्या भागाचं आहे का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की सकाळी पहिली पावलं टाकताना वीसेक मिनिटं टाच आखडलेली असते, धावताना दहा मिनिटांत मोकळी होते आणि संध्याकाळी पुन्हा ठणकते. शिरेवर एक बारीक गाठही लागते म्हणता. हे चित्र त्या दुखण्याचंच आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत शीर धरा आणि वरून खाली सरकत या. दुखरी जागा हाडापासून वर असेल तर मी सांगतेय ते लागू. नेमकी हाडाला टेकते तिथेच दुखत असेल तर व्यायाम थोडे बदलतात, त्याबद्दल पुढे सांगते. पण धावताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल, ‘टक्’ असा आवाज आला असेल, किंवा एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर हे वाचणं थांबवा आणि आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. शीर तुटलेली असू शकते. आणि दुखणं शिरेत नसून हाडावर एका बोटाएवढ्या जागी असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर हाडाला बारीक चीर जात असल्याची शंका घ्यायला हवी. ती सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. हाडाच्या दुखण्यावर ‘थोडं दुखलं तरी चालेल’ हा नियम कधीही लावायचा नाही.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवात दहातले नऊ जण सांगायची विसरतात. जून-जुलैत तापासाठी किंवा पोटासाठी कोणती प्रतिजैविकं घेतलीत? सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांचा टाचेच्या शिरेशी जुना संबंध आहे. शीर सुजणं, क्वचित तुटणं, हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर त्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. आपल्याकडे पावसाळ्यात पोट बिघडलं की ऑफ्लॉक्सासिन असलेली गोळी सर्रास मिळते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका सायकलस्वाराचं कोडं तीन भेटींत सुटलं नव्हतं. चौथ्या भेटीत त्याच्या बायकोने पर्समधून औषधांची चिठ्ठी काढली तेव्हा कळलं. तुमचं तसं असेल तर शिरेवर भार मी आणखी हळू वाढवीन, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना हे आधीच सांगा. चालू असलेली गोळी मात्र मनाने बंद करू नका.

मित्राच्या इंजेक्शनबद्दल. स्टेरॉईडने काही आठवडे दुखणं दबतं, म्हणूनच ते मोहात पाडतं. पण ते शिरेत किंवा शिरेलगत गेलं तर शीर कमकुवत होऊ शकते. दुखण्याची घंटा बंद आणि दोरी पातळ, अशा पायावर २१ किलोमीटर धावायचं? स्वतःचंच रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट्स टोचतात त्या उपचाराचंही नाव तुमच्या कानावर आलं असेल. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी याच दुखण्यावर तो तपासला होता. निम्म्या लोकांना प्लेटलेट्स, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि व्यायाम दोघांनाही. दोन्ही गटांत सारखाच फरक पडला. खर्च करायचाच असेल तर चांगल्या बुटांवर करा.

मग बरं होतं कशाने? भाराने. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून यामागची गोष्ट सांगते. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. ते स्वतः धावायचे आणि त्यांची टाच अशीच दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे मागणी केली, ती नाकारली गेली. तेव्हा, शीर तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा विचाराने त्यांनी तिच्यावर मुद्दाम जड भार टाकायला सुरुवात केली. शीर तुटली नाही, उलट बरी झाली. पुढे १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, १५ वेळा, असे तीन संच. गुडघा सरळ ठेवून एकदा, वाकवून एकदा. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ते सगळे पुन्हा धावायला लागले. तुमच्या दोन आठवड्यांच्या विश्रांतीने काम का झालं नाही, याचं उत्तर इथे आहे. विश्रांतीने दुखणं निवलं, पण शीर बळकट झाली नाही. मग १४ किलोमीटरचा भार आला तेव्हा ती होती त्याहून थोडी अशक्तच होती.

रोजचे १८० झोके मी ट्रायॅथलॉन करणाऱ्यांना सहसा देत नाही, कारण त्याच पायांनी सायकलही मारायची असते. पुढच्या अभ्यासांत जड वजन, सावकाश गती आणि आठवड्यातून तीनच दिवस, या पद्धतीनेही तितकाच गुण आलेला दिसला. मी तीच वापरते. तुमच्या घराला बाल्कांव, म्हणजे दाराबाहेरची ओसरी, असेल तर त्याची पायरी उत्तम, नाहीतर जिन्याची शेवटची. कठडा नुसता बोटांनी धरा. चवडे पायरीच्या काठावर, टाचा हवेत. तीन आकडे मोजत वर, वर क्षणभर थांबा, तीन आकडे मोजत खाली. खाली येताना टाच धपकन सोडून द्यायचा मोह होतो, तिथेच सगळं काम असतं. पहिला आठवडा दोन्ही पायांवर, मग वर दोन पायांनी जा आणि खाली एकाच पायाने या, मग पूर्ण एका पायावर. १२-१५ वेळा, तीन संच, संचांमध्ये दोन मिनिटं थांबून. १५ सहज जायला लागले की पाठीला सॅक लावून त्यात पाच किलो तांदूळ, दोन आठवड्यांनी दहा किलो. गुडघा वाकवून बसूनही करा, मांडीवर तीच सॅक ठेवून, कारण धावताना पोटरीचा जो खोलातला स्नायू जास्त राबतो त्याला ते लागतं. दुखणं अगदी हाडाला टेकलेल्या जागी असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवर करा. टाच पातळीच्या खाली गेली की तिथली शीर हाडावर दाबली जाते. आणि पोटरी ताणायचे ते भिंतीला हात लावून करायचे व्यायाम तूर्त बंद. बरं वाटतं म्हणून लोक ते दिवसातून दहा वेळा करतात आणि दुखणं तिथेच राहतं.

करताना दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तरी मी चालवून घेते. पण निकाल त्या क्षणी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची पावलं, तीच तुमची चाचणी. त्याला दहापैकी आकडा द्या आणि वहीत लिहा. कालच्याइतका किंवा कमी असेल तर भार बरोबर होता. दोनाने वाढला तर काल जास्त झालं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी घड्याळातले आलेख मागत नाही, ही वही मागते. घरात फरशीवर अनवाणी फिरणंही तूर्त बंद करा, थोडी टाच असलेली चप्पल घाला. ऑफिसच्या बुटांत सेंटीमीटरभर जाडीचा टाचेखालचा पॅड घाला, दोन्ही पायांत, नाहीतर कंबर तक्रार करील.

आता तयारीचं काय, हा तुमच्या काळजीचा गाभा. ७०.३ हा आकडा मैलांचा, आपल्या हिशेबात ११३ किलोमीटर: १.९ पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. म्हणजे तीनातले दोन प्रकार तुम्ही आजही करू शकता. हृदय आणि फुप्फुसांना मेहनत मिळाली की झालं, ती पायांनी मिळाली की हातांनी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पुढचे दोन आठवडे धावणं शून्य. पोहणं तीनदा, सायकल तीनदा, आणि एकदा तरणतलावाच्या खोल भागात कमरेला फ्लोट बांधून पाण्यात धावणं. ते कंटाळवाणं आहे, अर्ध्या तासात संपावं असं वाटतं, पण धावण्याच्या हालचालीची सवय ते बऱ्यापैकी टिकवतं. तलावात एक काळजी घ्या. भिंतीला पाय लावून वळताना शिरेला जोराचा झटका बसतो. ४० फेऱ्या म्हणजे ४० झटके. डाव्या पायानेच ढकला किंवा नुसते हाताने वळा. मी हे एका मुलीला सांगायला विसरले होते आणि तिचे तीन आठवडे त्यात गेले, म्हणून आता सगळ्यात आधी सांगते.

सायकलवर बुटाखालची, पेडलला अडकणारी क्लीट चार-पाच मिलीमीटर टाचेच्या दिशेने मागे घ्या आणि सीट तेवढीच, चार-पाच मिलीमीटर, खाली. घोट्याची हालचाल कमी होते आणि शिरेवरचा ताण उतरतो. चढावर उभं राहून पेडल मारणं महिनाभर बंद, म्हणजे पर्वरीचा चढही बसूनच आणि हलक्या गिअरवर. पाऊस असेपर्यंत लांब राईड घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, केलीत तर मला जास्त आवडेल. ओल्या रस्त्यावर लाल चिखलात सायकल घसरली तर खांद्याचं नवं दुखणं घेऊन याल, आणि त्यावर उपाय म्हणून माझ्याकडे सहा महिन्यांखाली काही नाही. समुद्रात पोहायची घाईही नको. लाल बावटे असताना पाण्यात उतरायचं नाही, आणि पाऊस ओसरल्यावरही मिरामारला एकट्याने नाही. तिथे मांडवीचं तोंड आहे, ओहोटीला पाणी ओढतं. ऑक्टोबरात सोबत घेऊन चार-पाच वेळा गेलात तरी पुरेल. आपल्या समुद्राचं पाणी वेटसूट, म्हणजे अंग गरम आणि तरंगतं ठेवणारा रबरी पोशाख, घालू देण्याइतकं थंड नसतं, त्यामुळे पाय तरंगते ठेवायला मदत नाही. तेवढ्यासाठी तलावात लाथा मारायचा सराव वाढवा, त्याने टाचेला सहसा त्रास होत नाही.

धावणं परत केव्हा, याला तारीख देत नाही, अटी देते. सकाळचा आकडा सलग पाच दिवस दोनच्या आत. अर्धा तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी काही नाही. आणि दुखऱ्या पायावर एकट्याने २० वेळा टाच उचलता येणं. बहुतेकांना याला दोन ते चार आठवडे लागतात. मग सुरुवात रायबंदरच्या कॉजवेवर करा, पणजीच्या पाटोपासून. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, तीनेक किलोमीटर सपाट, पहाटे वाहनं कमी. दोनापावलाचा चढ त्या वेळी नको. तीन मिनिटं चाल, एक मिनिट धाव, असं आठ वेळा. मग दोन दिवस धावायचं नाही, कारण शीर भाराला उत्तर द्यायला दोन दिवस घेते आणि ते उत्तर ऐकून घ्यायचं असतं. पुढच्या वेळी दोन-दोन मिनिटं. सगळं ठीक चाललं तर सातव्या आठवड्यापर्यंत चालणं-धावणं मिळून १० किलोमीटर, आठव्यात १४. त्याच्या पुढे नाही. तुमच्या मूळ वेळापत्रकात इथे २० लिहिलेलं असणार, ते खोडा. एखादा दिवस चुकला तर पुढचा आहे तसाच करा, त्यात काही मिळवू नका.

१४ किलोमीटरवर २१ कसे होतील? कागद घ्या. या शर्यतींना सर्वसाधारणपणे एकूण साडेआठ तास असतात आणि पोहण्याला १ तास १० मिनिटं. तुमचा तलावातला वेग बघता पोहणं ५० मिनिटांत होईल. कपडे-बूट बदलायला ८ मिनिटं. सायकल साडेतीन तासांत, म्हणजे ताशी पावणेसव्वीस किलोमीटर, हे तुम्ही मे महिन्यात केलेलं आहे. पुन्हा बदलायला ५ मिनिटं. झाले ४ तास ३३ मिनिटं. हातात राहिले ३ तास ५७ मिनिटं. भागिले २१.१, म्हणजे किलोमीटरला सव्वाअकरा मिनिटं. ताशी साडेपाच किलोमीटरने झपाझप चाललात तरी किलोमीटरला अकराच्या आत येता. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल केलंत तर अर्ध्या-पाऊण तासाची शिल्लक राहील. वर्षभर मनात धरलेली सहा तासांची वेळ मात्र यंदा सोडा. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, ते मला कळतं. पण पूर्ण करण्याएवढी तयारी तुमच्या अंगात आजही आहे.

मिरामारला ही शर्यत पहिल्यांदा २०१९ मध्ये झाली. यादीत माझं नाव होतं, आणि मी धावण्याच्या मार्गावर पाण्याच्या टेबलामागे उभी होते. नडगीच्या हाडाचं दुखणं मी ऑगस्टमध्ये पोटरीचं म्हणून ढकललं होतं. अठरा दिवस कामामुळे बुडाले होते, ते एका आठवड्यात भरून काढले होते. इतरांना रोज सांगते तेच मी स्वतःला सांगितलं नाही. एमआरआयमध्ये चीर दिसली तेव्हा सात आठवडे उरले होते. त्या सकाळी पहिले पोहणारे पाण्यातून वर येताना बघून मी टेबलाकडे तोंड फिरवलं आणि पेले भरत राहिले. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी. मग कोरोना आला, २०२० गेलं, २०२१ गेलं, शर्यत पुन्हा झाली ती २०२२ मध्ये. त्या तीन वर्षांत मला कळलं की हाड भरायला तीन महिने लागले आणि त्याच वेळी मी सायकल आणि पोहणं शांतपणे केलं असतं, तर २०१९ ला निदान ९० किलोमीटरपर्यंत पोचले असते. मी रागाने सगळंच सोडलं होतं. म्हणून तुम्हाला ‘आज सोडू नका’ म्हणतेय, आणि म्हणूनच ‘ढकलूही नका’ म्हणतेय.

सहा आठवड्यांनी एका शनिवारी बसा, वही पुढे घ्या, घरच्यांपैकी कुणाला तरी सोबत घ्या. सलग अर्धा तास हळू धावून सकाळचा आकडा दोनच्या आत राहत असेल, एका पायावर दहा किलो घेऊन १२ वेळा टाच उचलता येत असेल, आणि ८० किलोमीटरच्या सायकलनंतर लगेच १५ मिनिटं चाल-धाव करून टाच गप्प राहत असेल, तर सुरुवातीच्या रेषेवर जा. यातलं एक जरी नसेल तर धावणं सोडून द्या. मग रिलेत पोहणं किंवा सायकल घेता येते का, नोंदणी पुढे नेता येते का, याचे आयोजकांचे नियम आत्ताच वाचून ठेवा. शेवटच्या आठवड्यात ते वाचवत नाहीत.

शर्यतीच्या दिवसाबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीचं नंतर बोलता येईल. वेदनाशामक गोळी घेऊन सुरुवात करायची नाही. दमट उन्हात चार-पाच तास घाम गेलेला असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि शीर काय सांगतेय तेही ऐकू येत नाही. आणि तुमचा घाम किती जातो ते आधी मोजा. एक तास सायकल मारण्यापूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करा, मध्ये प्यालेलं पाणी त्यात मिळवा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. तेवढं सगळं भरून काढायचं नाही, पण अंदाज लागतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस गोंधळतो, कोसळतो. लांब राईडच्या सकाळी मी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून घेते, रस्त्यात केळी आणि मीठ-साखरेचं पाणी. तुमच्या पोटाला काय मानवतं ते या दहा आठवड्यांतच शोधा, शर्यतीत नवं काही नको.

उद्यापासून वही सुरू करा. पाच दिवसांचे सकाळचे आकडे, चिमटीत धरल्यावर दुखरी जागा हाडापासून किती बोटं वर येते ते, आणि जून-जुलैत घेतलेल्या गोळ्यांची नावं, चिठ्ठी शोधून, आठवणीतून नको. एवढं इथे लिहा. पायरीवरचे व्यायाम दोन पायांवर किती दिवस ठेवायचे ते त्यावरून सांगते.